कम्प्युटरला व्हायरस लागला: आधी काय, मग काय

गणपतीला तीन आठवडे उरले होते. इंदूरच्या रामबागेतले एक काका आमच्या मंडळाची स्मरणिका घरच्या कम्प्युटरवर जुळवतात. मागच्या वर्षांचा मजकूर कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला होता, तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्याच दिसणाऱ्या मराठी अक्षरांत, आणायचा होता. फुकटचा कन्व्हर्टर शोधता शोधता ते एका पानावर पोहोचले. तिथे ‘मी रोबोट नाही’ अशी चौकट आली आणि खाली तीन पायऱ्या होत्या: विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही दाबा, मग एंटर मारा. काकांनी तिन्ही केल्या. एक काळी विंडो क्षणभर चमकली आणि गेली. कन्व्हर्टर काही मिळाला नाही, म्हणून ते उठून जेवायला बसले.

रात्री जीमेलचा इशारा आला: तुमच्या खात्यात परक्या ठिकाणाहून कुणीतरी शिरलं आहे. काका घाबरले, पण हातावर हात ठेवून बसले नाहीत. लगेच त्याच कम्प्युटरवर बसून त्यांनी पासवर्ड बदलला. सकाळी तो नवा पासवर्डही चोराकडे होता, आणि ओळखीच्या लोकांना ‘अडचणीत आहे, पैसे पाठवा’ अशा मेल जाऊ लागल्या होत्या.

“अगं, मी तर लगेच बदलला होता!” ते फोनवर मला तीन वेळा म्हणाले. खरंच बदलला होता. फक्त ज्या मशीनवर बदलला, तिथे टाइप होणारं प्रत्येक अक्षर दुसरं कुणीतरी वाचत होतं.

इंदूरमध्ये ओळखीपाळखीच्या लोकांचे कम्प्युटर मी बरीच वर्षं बघते आहे. मुलं पुण्याला, बेंगळुरूला किंवा परदेशात, आणि इथे घरी आई-वडील, एक कम्प्युटर, त्यात पेन्शनचे कागद, नातवंडांचे फोटो आणि बँकेची खाती. यांच्या घरात मी जे नुकसान पाहिलं, ते बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे वाढलं होतं. म्हणून इथे सगळं क्रमाने लिहिते. हे विंडोजच्या कम्प्युटरसाठी आहे, कारण घरोघरी तोच आहे.

खरंच व्हायरस आहे का?

आधी हे बघा, कारण मला येणाऱ्या फोनांपैकी पुष्कळ फोन खऱ्या व्हायरसचे नसतातच. सुखलियातल्या एका काकूंचा फोन आला: “अगं, हा कम्प्युटर बोलून राहिलाय! बंदच होत नाहीये!” पूर्ण स्क्रीनवर लाल-निळी पाटी, मायक्रोसॉफ्टसारखं चिन्ह, इंग्रजीत बाईचा आवाज आणि एक फोन नंबर. ते नुसतं वेब पान होतं. पूर्ण स्क्रीन व्यापून घाबरवायचं आणि नंबरवर फोन करायला लावायचं, एवढंच त्याचं काम. मायक्रोसॉफ्ट आपल्या इशाऱ्यात कधीही फोन नंबर देत नाही. अशा वेळी एस्केपचं बटण दाबून धरा, पूर्ण स्क्रीन सुटते. नाही सुटली तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात ब्राउझर निवडून ‘एंड टास्क’ करा. ब्राउझर पुन्हा उघडल्यावर ‘जुनी पानं परत आणू का’ असं विचारेल, तिथे नाही म्हणा.

त्या नंबरवर फोन केला नसेल, तर तिथेच विषय संपला. फोन केला असेल आणि समोरच्याने सांगितलं म्हणून एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर टाकलं असेल, तर गोष्ट वेगळी. ही सॉफ्टवेअर स्वतः वाईट नाहीत, माझ्या मुलाचा कम्प्युटर मी त्यांनीच दुरून बघते. पण अनोळखी माणसाला त्यातून आत घेतलं म्हणजे घराची किल्ली दिली. मग पुढच्या सगळ्या पायऱ्या करायच्या.

दुसरा प्रकार: उजव्या कोपऱ्यात खाली दर पाच मिनिटांनी ‘तुमच्या कम्प्युटरमध्ये इतके व्हायरस सापडले’ अशा चिठ्ठ्या येतात. एखाद्या साइटने ‘नोटिफिकेशन दाखवू का’ विचारलं होतं आणि आपण ‘अलाउ’ दाबलं होतं, त्याचं हे फळ. क्रोममध्ये सेटिंग्ज, मग ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, ‘साइट सेटिंग्ज’, ‘नोटिफिकेशन्स’ इथे जा. परवानगी दिलेल्यांच्या यादीत न ओळखणारी जी जी नावं दिसतील, ती काढून टाका. दोन मिनिटांचं काम आहे.

खऱ्या लागणीच्या खुणा वेगळ्या असतात. विंडोज सिक्युरिटी आपोआप बंद झालेली असते आणि चालू करता येत नाही. ब्राउझरचं पहिलं पान बदललेलं असतं. न टाकलेली सॉफ्टवेअर यादीत दिसतात. फाइलींच्या नावांपुढे विचित्र शेपूट लागतं आणि त्या उघडत नाहीत. आणि काकांसारखं झालं तर कम्प्युटरवर काहीच दिसत नाही, खात्यांवर दिसतं. माहिती चोरणारे हे प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि चालू लॉगिन काही क्षणांत उचलून पाठवून देतात. काही तर काम झालं की स्वतःला पुसूनही टाकतात. त्यामुळे स्कॅनमध्ये काही सापडलं नाही, म्हणून काही गेलंच नाही, असं धरू नका.

पहिली दहा मिनिटं

नेट तोडा. वाय-फाय असेल तर ते बंद करा, केबल असेल तर ओढून काढा. कम्प्युटरवर कुठे काय बंद करायचं हे घाईत सुचत नसेल, तर राउटरचं बटणच बंद करा आणि फोन मोबाइल डेटावर घ्या.

लावलेली बाहेरची हार्ड डिस्क आणि पेन ड्राइव्ह काढून ठेवा. फाइली कुलूपबंद करणारा प्रकार असेल, तर तो जोडलेल्या डिस्कवरही चालून जातो.

स्क्रीनवर जे दिसतंय त्याचा फोनने फोटो काढा. मग वहीत लिहा: काय उघडलं होतं, किती वाजता, कुठल्या खात्यांत या कम्प्युटरवरून लॉगिन आहे. ही यादी शांतपणे करा. लोक जीमेल आणि बँक लिहितात आणि विजेच्या बिलाचं अ‍ॅप, विमा, म्युच्युअल फंड, फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप वेब विसरतात.

खाती आधी, कम्प्युटर मग

आता कम्प्युटर तसाच सोडा आणि फोन हातात घ्या, किंवा दुसरा स्वच्छ कम्प्युटर. या कम्प्युटरवर यापुढे एकही पासवर्ड टाइप करायचा नाही.

सुरुवात ईमेलपासून, कारण बाकी सगळ्या खात्यांचे ‘पासवर्ड विसरलो’चे दुवे तिथेच येतात. गूगल खात्यात ‘सिक्युरिटी’मध्ये जाऊन पासवर्ड बदला. मग ‘युअर डिव्हायसेस’मध्ये जा आणि तो कम्प्युटर व न ओळखणारं प्रत्येक यंत्र तिथून साइन आउट करा. ही पायरी का हवी? चोराकडे पासवर्डच असतो असं नाही. कित्येकदा त्याने तुमची चालू लॉगिनच उचललेली असते, आणि ती जिवंत असेपर्यंत त्याला पासवर्ड किंवा ओटीपी काहीही लागत नाही. त्यानंतर रिकव्हरीचा फोन नंबर आणि ईमेल तुमचाच आहे ना, ते पाहा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर फोनवर दुसरी खात्री, नसेल तर आत्ताच चालू करा.

एक जागा बहुतेकांची राहून जाते. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ‘फिल्टर्स’ आणि ‘फॉरवर्डिंग’ असे दोन विभाग आहेत. ते कम्प्युटरवरच्या जीमेलमध्येच नीट दिसतात, म्हणून दुसऱ्या कुणाच्या तरी स्वच्छ कम्प्युटरवरून बघा. काकांच्या खात्यात तिथे एक फिल्टर सापडला: ज्या मेलमध्ये बँकेचं नाव असेल, ती सरळ कचऱ्यात टाकायची. म्हणजे बँकेने इशारे पाठवले असते, तरी काकांना ते कधी दिसलेच नसते. अशा फिल्टरवर पासवर्ड बदलण्याचा काही परिणाम होत नाही. तो हातानेच काढावा लागतो.

खात्यात शिरताच येत नसेल, तर गूगलचा अकाउंट रिकव्हरीचा मार्ग घ्या, आणि तो ज्या फोनवर व ज्या घरच्या वाय-फायवर तुम्ही एरवी लॉगिन करत आलात, तिथूनच भरा. ओळखीचं यंत्र आणि ओळखीची जागा दिसली की गूगलला तुमची खात्री पटायला मदत होते. गडबडून पुण्याच्या मुलाला ‘तूच भर तिथून’ म्हणू नका.

ईमेलनंतर बँक, यूपीआय, विमा, गुंतवणूक, मग बाकीचे. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून सगळं लॉग आउट करा. प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड ठेवा. वहीत लिहून कपाटात ठेवला तरी माझी हरकत नाही. घरातल्या कपाटापर्यंत परदेशातला चोर पोहोचत नाही, पण एकच पासवर्ड दहा ठिकाणी असेल तर दहाही दारं एकदम उघडतात.

पैसे गेले असतील

वरचं सगळं थांबवा आणि आधी १९३० ला फोन करा. आर्थिक सायबर फसवणुकीसाठी देशभर हाच नंबर आहे. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरतात, आणि मधल्या एखाद्या खात्यात ते अडवणं तक्रार किती लवकर झाली यावर ठरतं. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि तुमचा खाते क्रमांक समोर घेऊन बसा. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. तिचा क्रमांक जपून ठेवा.

त्याच वेळी बँकेला कळवा आणि कळवल्याचा पुरावा, म्हणजे एसएमएस, मेल किंवा तक्रार क्रमांक, हाती घ्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ मध्ये आखून दिलेल्या नियमांप्रमाणे, चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा तिसऱ्याच ठिकाणच्या गळतीतून व्यवहार झाला आणि तुम्ही बँकेची सूचना मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमची जबाबदारी शून्य धरली जाते. ४ ते ७ दिवसांत कळवलंत तर मर्यादित. तुमच्या हातून ओटीपी किंवा पासवर्ड दिला गेला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून लाज वाटली तरी लपवू नका. घरच्यांना सांगायला संकोचून दोन दिवस गप्प बसलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्या दोन दिवसांत दुसरी रक्कमही गेलेली पाहिली आहे.

फाइली बाहेर काढणं

सफाईआधी आपल्या वस्तू बाजूला घ्या. आपण इंदूरकर ओला-सुका कचरा घरातच वेगळा करून गाडीत टाकतो. तशीच निवड इथे करा. फोटो, व्हिडिओ, पीडीएफ, वर्ड आणि एक्सेलच्या फाइली घ्यायच्या. सॉफ्टवेअरचे सेटअप, झिप केलेली न ओळखणारी गाठोडी आणि ‘डाउनलोड्स’ फोल्डरमधलं काहीही न बघता घ्यायचं नाही. सेटअप पुन्हा मिळतात.

त्याआधी एक सेटिंग बदला. फाइल एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’मधून फाइल नेम एक्स्टेन्शन्स, म्हणजे नावाशेवटचं शेपूट, दिसतील असं करा. मग ‘बिल डॉट पीडीएफ’ म्हणून दिसणारी फाइल प्रत्यक्षात ‘बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ असेल, तर लगेच कळेल. शेवटी ईएक्सई, एससीआर, व्हीबीएस, जेएस किंवा बॅट असेल, तर ती कागदपत्राची फाइल नाही.

या फाइली ज्या डिस्कवर घ्याल, ती वेगळी ठेवा. जुन्या बॅकअपच्या डिस्कला हात लावू नका. आणि नवी डिस्क स्वच्छ कम्प्युटरला लावून स्कॅन केल्याशिवाय त्यातली एकही फाइल उघडू नका.

सफाई

१. स्टार्टमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ शोधा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ उघडा. तिथे ‘मॅनेज सेटिंग्ज’मध्ये खाली ‘एक्स्क्लूजन्स’ आहे, स्कॅन करताना काय वगळायचं त्याची यादी. व्हायरस स्वतःचं फोल्डर इथे लिहून ठेवतात, मग स्कॅन कितीही वेळा केलं तरी ते त्याला वळसा घालून जातं. तुम्ही स्वतः काही लिहिलेलं आठवत नसेल, तर ही यादी रिकामी करा. या सेटिंग्ज परस्पर बदलू न देणारं ‘टॅम्पर प्रोटेक्शन’ चालू आहे ना, तेही इथेच दिसेल.

२. नेट थोडा वेळ जोडा, व्हायरसची नवी ओळखयादी अपडेट करा, परत तोडा. मग ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून ‘फुल स्कॅन’ लावा. जुन्या मशीनवर याला काही तास लागतात. संध्याकाळी लावून झोपा.

३. त्यानंतर ‘ऑफलाइन स्कॅन’. यात कम्प्युटर बंद होऊन विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, साधारण १५ मिनिटांत. चालू विंडोजमध्ये लपून बसणारे यात सापडतात. हे लावण्याआधी चालू फाइली सेव्ह करा, आणि लॅपटॉपमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय, चालू असेल, तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की हाताशी ठेवा. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते, आणि तिथे अर्थातच फोनवरून जायचं. सेफ मोडमध्ये जाताना किंवा दुरुस्तीच्या वेळी मशीनने ती मागितली आणि तुमच्याकडे नसली, तर डेटा कायमचा अडकतो.

४. दुसरं मत घ्या. मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती किंवा मायक्रोसॉफ्टचं सेफ्टी स्कॅनर, दोन्ही त्यांच्या मूळ साइटवरूनच. सेफ्टी स्कॅनर डाउनलोड केल्यापासून १० दिवसच चालतं, म्हणून मागच्या वर्षीचं जपून ठेवून उपयोग नाही. आपल्या सरकारचं सायबर स्वच्छता केंद्रही आहे. सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने ते फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलं आणि तिथे बॉट, म्हणजे कम्प्युटर दुरून राबवणारे छुपे प्रोग्रॅम, काढायची साधनं फुकट मिळतात. इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं आलं तेही त्याच वर्षी, त्यामुळे हे साल मला विसरायला होत नाही. एका वेळी दोन अँटिव्हायरस मात्र कायमचे बसवू नका, ते एकमेकांच्या पायात येतात.

५. टास्क मॅनेजरमध्ये ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’ बघा. न ओळखणाऱ्या नावावर उजवं क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ करा. फाइल ‘टेम्प’ किंवा ‘अ‍ॅपडेटा’च्या आत विचित्र नावाच्या फोल्डरमध्ये असेल तर संशय घ्या. सगळीच अ‍ॅपडेटातली वाईट नसतात, नाव शोधून मग ठरवा. सेटिंग्जमधली अ‍ॅप्सची यादी तारखेनुसार लावा आणि गडबड झाली त्या दिवसाच्या आसपास काय बसलं ते बघून काढा.

६. ब्राउझरमधली एक्स्टेन्शन्स, म्हणजे त्याला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, काढा. काढलेलं दुसऱ्या दिवशी परत आलं, तर ते सिंकमधून, म्हणजे खात्यात साठवलेल्या सेटिंग्जमधून, परत येतंय. आधी सिंक बंद करा, मग काढा, मग ब्राउझर ‘रीसेट’ करा. नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रॉक्सी’, म्हणजे तुमचं नेट मधल्या दुसऱ्या कम्प्युटरमार्गे नेणारी सोय, हाताने लावलेली दिसली, तर तीही बंद करा.

यानंतर दुसऱ्यांदा फुल स्कॅन करा. काहीच निघालं नाही, तर ठीक.

सगळं पुसून नव्याने कधी?

माझं मत स्पष्ट आहे: पासवर्ड चोरीला गेले असतील, अनोळखी माणूस दुरून आत आला असेल, किंवा क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर अथवा परवान्याशिवाय विंडोज चालू करून देणारा अ‍ॅक्टिव्हेटर चालवला असेल, तर सफाईवर विसंबू नका. विंडोज नव्याने टाका. एक व्हायरस सापडला म्हणजे तोच एकटा आत आला होता, असं सांगता येत नाही. काकांच्या कम्प्युटरवर मी स्कॅनमध्ये दोन दिवस घालवले आणि शेवटी पुसलाच. आधीच पुसला असता तर स्मरणिकेचे दोन दिवस वाचले असते.

सोपा मार्ग: सेटिंग्जमध्ये ‘सिस्टम’, ‘रिकव्हरी’, ‘रीसेट धिस पीसी’, मग ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ आणि ‘क्लाउड डाउनलोड’. यात विंडोज मायक्रोसॉफ्टकडून नव्याने उतरतं. डाउनलोड ४ जीबीच्या वर जाऊ शकतं, म्हणून मोबाइल डेटावर करू नका. आणखी खात्रीचा मार्ग म्हणजे स्वच्छ कम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल चालवून किमान ८ जीबीच्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर विंडोज घेणं. त्या पेन ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, हे लक्षात ठेवा. मशीनसोबत मूळ विंडोज आलं असेल तर पुन्हा की विकत घ्यावी लागत नाही. परवाना हार्डवेअरशी जोडलेला असतो, की मागितली तर ‘माझ्याकडे की नाही’ निवडून पुढे जा, नेट जोडल्यावर ते आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं.

हे हाताने जमणार नसेल तर आर. एन. टी. मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये कम्प्युटरची दुकानं आहेत, किंवा तुमच्या गल्लीतला माणूस असेल. नुसतं ‘फॉरमॅट मारून द्या’ म्हणू नका. तीन गोष्टी ठरवून घ्या: माझ्या मशीनचा मूळ परवानाच वापरायचा, कुठलाही अ‍ॅक्टिव्हेटर टाकायचा नाही, ऑफिसची क्रॅक केलेली प्रत टाकायची नाही. लिब्रेऑफिस फुकट आहे आणि मराठी युनिकोड त्यात छान चालतं. काही वर्षांपूर्वी माझ्या मावशीचा लॅपटॉप एका दुकानातून फॉरमॅट होऊन आला, तेव्हा त्यात विंडोज सिक्युरिटी मुद्दाम बंद केलेली होती, अ‍ॅक्टिव्हेटर चालावा म्हणून. महिनाभर ती उघड्या दाराने बँकेचे व्यवहार करत होती.

विंडोज १० असेल तर हीच संधी आहे. त्याचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सुरक्षेच्या अपडेटची वाढीव घरगुती योजनाही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच आहे. मशीन विंडोज ११ घेत नसेल, म्हणजे त्यात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसेल किंवा प्रोसेसर जुना असेल, आणि काम फक्त ब्राउझर, मेल आणि टायपिंगचं असेल, तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टम टाकून बघा. आमच्या वाचनालयाच्या जुन्या मशीनवर ते चांगलं चालतंय.

पेन ड्राइव्हचा जुना आजार

आधारची प्रत, मध्य प्रदेशचा समग्र आयडी, परीक्षेचा फॉर्म, काही ना काही छापायला आपली पेन ड्राइव्ह कियोस्कवर किंवा झेरॉक्सच्या दुकानात जाते आणि पाहुणा घेऊन परत येते. ओळख अगदी सोपी आहे. पेन ड्राइव्ह उघडली की आत तुमच्या फाइली दिसत नाहीत, पेन ड्राइव्हच्याच नावाचा एक शॉर्टकट दिसतो, कोपऱ्यात छोटा बाण असलेला. त्यावर क्लिक केलं की फाइली उघडतातही, म्हणून कुणाला शंका येत नाही. त्याच क्लिकने व्हायरसही चालू झालेला असतो.

तो शॉर्टकट उघडू नका. फाइल एक्सप्लोररमध्ये ‘हिडन आयटम्स’ दाखवा. फोल्डर ऑप्शन्समध्ये ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टम फाइल्स’ची खूणही काढा. आता बऱ्याचदा एक बिननावाचं फोल्डर दिसतं. तुमच्या फाइली त्यातच असतात, कुठेही गेलेल्या नसतात. कागदपत्रं आणि फोटो तेवढे बाहेर काढा, पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा आणि कम्प्युटर स्कॅन करा. काम झालं की ती खूण परत लावा.

पुढच्या वेळी छापायला जाताना फक्त ती एक फाइल असलेली वेगळी छोटी पेन ड्राइव्ह न्या. घरी आल्यावर ती न उघडता फॉरमॅट केली तरी काही जात नाही.

फाइलींना कुलूप लागलं असेल

प्रत्येक फोल्डरमध्ये खंडणीची चिठ्ठी आणि फाइली उघडत नाहीत, म्हणजे रॅन्समवेअर. पैसे देऊ नका. दिले तरी किल्ली मिळेल याची हमी कोणी देत नाही. कुलूप लागलेल्या फाइली आणि ती चिठ्ठी जशीच्या तशी एका डिस्कवर ठेवा. युरोपोल, नेदरलँड्सचे पोलीस आणि सुरक्षा कंपन्यांनी जुलै २०१६ मध्ये ‘नो मोअर रॅन्सम’ नावाची साइट सुरू केली. तिथे एक-दोन फाइली आणि चिठ्ठी चढवली की कुठला प्रकार आहे आणि त्याची फुकट किल्ली उपलब्ध आहे का, ते सांगतात. आज नसली तरी काही महिन्यांनी येऊ शकते, म्हणून फाइली फेकू नका.

आता दार नीट लावा

अपडेट पुढे ढकलू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर जगभर पसरला, पण ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी ते टाकलं होतं, त्यांच्याकडे तो त्या वाटेने आला नाही.

राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदला, बसवताना दिलेला तसाच ठेवू नका. राउटरच्या पानावर डीएनएस, म्हणजे साइटचे पत्ते शोधून देणारा सर्व्हर, तुम्ही किंवा नेट कंपनीने लावलेलाच आहे ना, तेही त्याच वेळी बघा.

बॅकअपच्या तीन प्रती ठेवा: एक कम्प्युटरवर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक घराबाहेर किंवा क्लाउडवर. बाहेरची डिस्क बॅकअप झाला की काढून ठेवायची. कायम जोडलेल्या डिस्कलाही कम्प्युटरसोबतच लागण होते.

कुठलंही पान कीबोर्डची बटणं दाबून ‘रन’ची चौकट उघडायला सांगत असेल, तर ते चोराचं पान आहे. पानाने तुमच्या नकळत एक आज्ञा कॉपी करून ठेवलेली असते, कंट्रोल-व्हीने ती उतरते आणि एंटरने चालते. खरी ‘मी रोबोट नाही’ची चौकट खूण करायला किंवा चित्रं ओळखायला सांगते, याच्या पलीकडे काही मागत नाही.

आणि रोजच्या कामाला अ‍ॅडमिन खातं वापरू नका. सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’मध्ये एक नवं स्टँडर्ड खातं करा आणि रोज त्यातच बसा. मग काही नवं बसायला गेलं की बहुतेक वेळा विंडोज अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतं. सगळे हल्ले यात अडत नाहीत, पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम साध्या खात्यातूनही चालू शकतो. पण विंडोजच्या आत खोलवर घर करणं त्याला अवघड जातं, आणि आपल्याला थांबून विचार करायला एक जागा मिळते.

काकांचं खातं मी असंच केलं. अ‍ॅडमिनचा पासवर्ड कागदावर लिहून काकूंनी तो देवघराच्या खणात ठेवला, आणि पासवर्ड मागणारी चौकट आली की आधी मला फोन करायचा असं ठरलं. पहिल्या महिन्यात तीन फोन आले. दोन वेळा ‘नको, बंद करा’ म्हटलं. तिसऱ्या वेळी स्मरणिका छापखान्यात जायची होती.

“पासवर्ड मागतंय गं.”

“काय करायला गेला होतात?”

“नवा प्रिंटर लावलाय. वर कंपनीचं नाव बरोबर दिसतंय, मी नीट वाचलं.”

मी म्हटलं, “मग काकूंना खण उघडायला सांगा.”